पाणचक्की तकिया

छत्रपती संभाजीनगर (जुने औरंगाबाद) येथे खाम नदीकाठी, महमूद दरवाजालगत असलेले नक्शबंदी सूफींचे ठाणे. तकिया म्हणजे फकिरांचा मठ. शहरावर अंमल मोगलांचा, पुढे निजामाचा. आवारात मात्र शब्द चाले तो पीराचा आणि त्याच्यामागून गादीवर बसलेल्या सज्जादानशीनाचा. मध्य आशियातून आलेले दर्वेश व वाटसरू येथे मुक्कामाला उतरत. त्यांचे दळण तकियाच्याच चक्कीवर होई.

संस्थापक बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. त्यांचे गुरू बाबा शाह सईद पलंगपोश हे मोगल सेनापती गाजीउद्दीन खान फिरोज जंगाच्या लष्करासोबत दख्खनभर फिरत. पलंगपोश १६९९ मध्ये, तर शाह मुसाफिर १७१५ च्या सुमारास वारले. दोघांच्या कबरी आवारातच आहेत.

चक्की केव्हाची, यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी छापले जाते ते १६९५. आसफजाही सरदार तुर्कताज खानाने मशीद व चक्की बांधली आणि वीस वर्षांनी जमील बेग खानाने हौद व कारंजी जोडली, अशी ही परंपरा. पण १६९५ मध्ये मीर कमरुद्दीन (पुढचा पहिला निजाम, आसफजाह) अवघा चोवीस वर्षांचा होता. निजाम-उल-मुल्क ही पदवी त्याला १७१३ मध्ये आणि आसफजाह ही १७२५ मध्ये मिळाली. पदवी मागाहून चिकटली म्हटले, तरी त्या वयात त्याच्या पदरी असे सरदार असणे पटत नाही. काही जण काम १७४४ पर्यंत पुढे नेतात. शाह मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी दोन्ही पीरांचे ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ हे फारसी चरित्र संकलित केले. बांधकामाचा मोठा भाग त्यांच्याच कारकिर्दीतला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पाणी हर्सूलकडून, सुमारे ८ किमीवरून जमिनीखालच्या नहरीने येते. ते चुनेगच्ची खांबात दाबाने वर चढते आणि हौदात पडते. त्याच पाण्याच्या जोराने खालचे पाते फिरते, व त्यासोबत जात्याचा वरचा दगड. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. ऐन मे महिन्यातही दालन गार असते. पाहुण्यांची सोय इथेच होई.

राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय याच आवारात आहे. आता येणारे बहुतेक जण तिकीट काढून चक्की पाहतात. कबरींकडे वळणारे थोडे. पाऊस ओढला की नहर आटते आणि चक्की थांबते.