मुखवट्याआड बाईच असते

आफ्रिकेतले लाकडी मुखवटे फक्त पुरुष घालतात, तेही घाबरवायला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांकडे पाहिलं की दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात.

तिथे 'सांदे' ही बायकांची गुप्त संस्था आहे. वयात येणाऱ्या मुलींना ती दीक्षा देते. संसार, वागणूक, नाच-गाणी शिकवते. या सोहळ्यात 'सोवेई' मुखवटा घालून नाचते ती संस्थेतली मानाची बाई. मुखवटा कोरतो मात्र पुरुष.

हा मुखवटा जवळून बघावा. काळाभोर, चकचकीत, टोपासारखा अख्ख्या डोक्यावर बसणारा. कपाळ रुंद, डोळे बारीक, इवलंसं तोंड मिटलेलं, मानेला वळ्या, वर कोरीव वेण्या. यात भीती कुठे आहे? ही तर मेंडेंच्या मनातली देखणी, संयमी बाई. मानेच्या वळ्या म्हणजे काहींच्या मते भरल्या अंगाची खूण, तर काहींच्या मते पाण्यातून वर येणाऱ्या देवतेभोवतीचे तरंग. मला दुसरा अर्थ जास्त भावतो.

याच दीक्षेत मुलींची सुंताही केली जाते. तिथल्याच कितीतरी बायका त्याविरुद्ध लढताहेत, तेही सांगायलाच हवं.

संग्रहालयात काचेमागे नुसतं डोकं दिसतं. नाचताना खाली रॅफियाच्या (एका ताडाच्या पानांच्या तंतूंच्या) काळ्या झिरमिळ्यांचा घोळ असतो, अंगाचा तसूभरही भाग दिसत नाही.