मालकाविना शंभर वर्षं: ग्रीन बे पॅकर्सची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. (हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकन खेळ, आपला पायानं खेळायचा नव्हे.) त्यांतल्या ३१ संघांचे हिशेब मालकांच्या कपाटात कुलूपबंद असतात. बत्तिसाव्याचे दर जुलैत जाहीर होतात आणि क्रीडा-अर्थकारणावर लिहिणारे पत्रकार त्यावर तुटून पडतात. २०२५ च्या जुलैत ग्रीन बे पॅकर्सनं आपलं वर्षाचं उत्पन्न ७१.९ कोटी डॉलर असल्याचं सांगितलं. त्यातले ४३.२६ कोटी लीगच्या सामाईक उत्पन्नातून आले होते. तो वाटा सगळ्या संघांना सारखाच मिळतो, त्यामुळे पॅकर्सनं वही उघडली की बाकी एकतीस जणांच्या खिशात किती पडले तेही कळतं. वही झाकून ठेवायला पॅकर्सकडे मालकच नाही. आहेत ते सुमारे ५ लाख ३८ हजार भागधारक.

बरं, हा संघ कुठला? न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा नावांच्या रांगेत विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे हे कागद गिरण्यांचं आणि मांस-प्रक्रिया कारखान्यांचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती १ लाख ७ हजारांच्या आसपास आहे. स्टेडियममध्ये मात्र ८१ हजारांवर माणसं बसतात. सीझन तिकिटासाठी नाव नोंदवून थांबलेल्यांची यादी गावाच्या लोकसंख्येहून लांब आहे. आजोबा नातवाचं नाव जन्मल्या जन्मल्या यादीत घालतात. एवढ्याशा गावात हा संघ टिकला कसा, असं विचारलं की लोकांचं प्रेम आणि निष्ठा हे ठरलेलं उत्तर मिळतं. प्रेम आहेच. पण प्रेम तर इतर गावांतही होतं आणि तिथले संघ गेले. माझ्या मते खरं काम केलं ते दोन कागदांनी. एक १९२३ चा, दुसरा १९६१ चा.

सुरुवात ११ ऑगस्ट १९१९ ची. अर्ल लॅम्बो, ज्याला सगळे कर्ली म्हणत, हा एकवीस वर्षांचा गावचाच पोरगा. नोत्र दाम विद्यापीठात एक हंगाम खेळून आजारपणामुळे घरी परतलेला आणि इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम करणारा. ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ या वर्तमानपत्राचा क्रीडा संपादक जॉर्ज कॅलहून याच्यासोबत त्यानं पेपरच्याच कचेरीत पोरं जमवली. जर्सीसाठी पैसे मालकाकडे मागितले. कंपनीनं ५०० डॉलर दिले आणि सरावाला मैदान दिलं. संघाला ‘पॅकर्स’ हे नाव त्या कंपनीवरून पडलं. कंपनी दोन वर्षांत विकली गेली, पुढे नाहीशीही झाली. नाव राहिलं.

१९२१ मध्ये संघ व्यावसायिक लीगमध्ये शिरला आणि त्याच हंगामानंतर बाहेर फेकला गेला. लॅम्बोनं कॉलेजात शिकणारी मुलं खोट्या नावांनी खेळवली होती. पुढच्या वर्षी २५० डॉलर भरून त्यानं जागा परत मिळवली. म्हणजे या संघाच्या पवित्र इतिहासाची पहिली पानं तशी लबाडीचीच आहेत, आणि गावाला त्याची लाज वाटते असं काही दिसत नाही.

१९२२ च्या हंगामात पावसानं पाठ सोडली नाही. तेव्हा तिकीटविक्री हेच एकमेव उत्पन्न. पाऊस पडला की प्रेक्षक घरी, आणि पाहुण्या संघाला ठरलेली रक्कम तर द्यावीच लागायची. एका सामन्यासाठी पावसाचा विमा उतरवला होता. पाऊस धो धो पडला, पण अधिकृत नोंद करारातल्या आकड्यापेक्षा इंचाच्या शंभराव्या भागानं कमी भरली आणि विमा कंपनीनं हात वर केले, अशी हकिकत आजही सांगतात. हंगामाच्या शेवटी थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दिवशी पुन्हा तेच आभाळ. सामना रद्द करावा की खेळावा? प्रेस-गॅझेटचे अँड्र्यू टर्नबुल म्हणाले, तोटा सोसा पण खेळा. आज माघार घेतली तर गावाचा विश्वास उडेल, पैशांचं मग बघू.

त्यांनी शब्द पाळला. १९२३ मध्ये पाच डॉलरला एक असे हजार शेअर विकून ५,००० डॉलर उभे केले. शेअर घेणाऱ्यानं सीझन तिकिटंही घ्यायची, अशी अट होती. टर्नबुल, लॅम्बो, एक वकील, एक डॉक्टर आणि एक किराणा व्यापारी, या पाच जणांना गाव ‘हंग्री फाइव्ह’ म्हणायचं, कारण ते कायम कुणाकडे तरी पैसे मागायला गेलेले असत. संस्था ना-नफा तत्त्वावर नोंदवली. लाभांश कुणालाही नाही. आणि संस्था कधी मोडीत निघालीच, तर पैसा भागधारकांना न जाता माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेच्या स्थानिक शाखेला, सैनिकांचं स्मारक बांधण्यासाठी जाईल. हे कलम म्हणजे पहिला कागद. संघ विकून फायदा कुणालाच होणार नसेल, तर विकायचा कशाला? आज पॅकर्सची किंमत काही अब्ज डॉलर धरतात. तेवढ्या पैशांत सैनिकांचं स्मारक फारच भव्य झालं असतं. १९९७ मध्ये लीजनऐवजी संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाचं नाव घातलं गेलं. तत्त्व तेच राहिलं.

त्या काळच्या लीगमध्ये अशी लहान गावं पुष्कळ होती. कँटन, रॉक आयलंड, डुलुथ, पॉट्सव्हिल, पोर्ट्समथ. मंदी आली, मोठ्या शहरांची मैदानं मोठी झाली, आणि एकेक नाव गळत गेलं. पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये डेट्रॉइटला गेला आणि लायन्स झाला. ग्रीन बे मात्र १९२९, १९३० आणि १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं जिंकून बसलं होतं. तरी कंगालपण संपलं नव्हतं. गॅलरीतून पडलेल्या एका प्रेक्षकानं दावा लावून ५,००० डॉलरचा निकाल मिळवला, विमा कंपनी बुडालेली, आणि संघ न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. १९३५ मध्ये पुन्हा शेअर विकून १५,००० डॉलर जमवले गेले. त्याच वर्षी डॉन हटसन आला. धावत जाऊन झेल घेणारा खेळाडू काय करू शकतो हे लीगला त्यानं दाखवलं. त्याच्या काळात आणखी तीन विजेतेपदं आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर धोका घरातूनच आला. लॅम्बोला कॅलिफोर्नियाची हवा लागली होती. खेळाडूंच्या निवासासाठी त्यानं गावाबाहेर रॉकवूड लॉज नावाची महागडी वास्तू घ्यायला लावली, तिजोरी रिकामी केली, आणि शेवटी संघ नफ्यासाठी खाजगी गुंतवणूकदारांच्या हाती द्यावा असा आग्रह धरला. संचालक मंडळ फुटलं. जानेवारी १९५० मध्ये रॉकवूड लॉज जळून खाक झालं, विम्याचे पैसे संघाच्या फार कामी आले, आणि आठवडाभरात लॅम्बो शिकागोला दुसऱ्या संघाकडे निघून गेला. आग कशी लागली याबद्दल गावात तेव्हापासून विनोद चालू आहेत. त्याच वर्षी २५ डॉलरच्या शेअरची विक्री होऊन सव्वा लाखाच्या घरात रक्कम आली.

नवं स्टेडियम बांधा नाहीतर मिलवॉकीला जा, असा लीगचा तगादा होता. १९५६ मध्ये कर्जरोख्यांसाठी गावात मतदान झालं. त्याआधी प्रचारसभेत बोलायला कोण आलं? शिकागो बेअर्सचा मालक जॉर्ज हॅलस. पॅकर्सचा सर्वांत जुना वैरी. त्याला ठाऊक होतं, की हे वैर टिकलं तरच दोघांची तिकिटं खपतात. ठराव दणक्यात मंजूर झाला. १९५७ मध्ये उभं राहिलेलं ते मैदान लॅम्बोच्या मृत्यूनंतर, १९६५ पासून, लॅम्बो फील्ड म्हणून ओळखलं जातं. भांडून गेलेल्या माणसाचं नाव गावानं दिलं, हा त्या गावाचा मोठेपणा म्हणायचा.

१९५८ मध्ये पॅकर्सनं बारापैकी एकच सामना जिंकला. मग न्यूयॉर्कहून विन्स लोम्बार्डी आला. ब्रुकलिनचा, इटालियन कुटुंबातला, कडक कॅथलिक शिस्तीचा हा माणूस नऊ वर्षांत पाच विजेतेपदं देऊन गेला. त्यात पहिले दोन सुपर बोल, म्हणजे हंगामाच्या विजेतेपदाचे अंतिम सामने, आले. सुपर बोलची ट्रॉफी आज त्याच्याच नावाची आहे. त्याच्या डावपेचांची वही तशी बारीक होती. ‘स्वीप’ नावाचा एकच डाव, दोन गार्ड, म्हणजे अडवणारे खेळाडू, बाजूला धावत रस्ता साफ करतात आणि मागून चेंडूवाला पळतो, हा त्यानं इतका घोटून घेतला की समोरच्यांना येणार काय ते ठाऊक असूनही अडवता यायचं नाही. त्याची आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. ग्रीन बेमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय वस्ती जवळजवळ नव्हतीच. जो बार माझ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना बसू देणार नाही, तिथे माझा एकही खेळाडू जाणार नाही, असं त्यानं गावातल्या गुत्तेवाल्यांना बजावलं. फुटबॉलवेड्या गावात ही धमकी पुरेशी होती.

३१ डिसेंबर १९६७ चा डॅलसविरुद्धचा सामना ‘आइस बोल’ म्हणून प्रसिद्ध आहे. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. लोम्बार्डीनं गवताखाली विजेच्या तारांची उष्णता-यंत्रणा बसवून घेतली होती, तिनं ऐन वेळी दगा दिला. मैदानाचा काचेसारखा बर्फ झाला, पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या, मग ते ओरडूनच निर्णय देऊ लागले. शेवटची १६ सेकंदं उरली होती, पॅकर्स तीन गुणांनी मागे, रेषा हातभर अंतरावर, आणि खेळ थांबवून घेण्याची एकही संधी शिल्लक नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, बार्ट स्टारनं चेंडू कुणाला न देता सहकारी जेरी क्रेमरच्या आडोशानं स्वतःच उडी घातली. २१-१७. हा स्टार १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, थेट दोनशेव्या क्रमांकावर निवडला गेला होता.

या सगळ्या झगमगाटाआड दुसरा कागद झाकला जातो. लीगचे नवे आयुक्त पीट रोझेल यांनी मालकांना पटवलं, की टीव्हीचे हक्क प्रत्येकानं वेगळे न विकता एकत्र विकायचे आणि पैसा सारखा वाटायचा. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून त्याला मुभा दिली. न्यूयॉर्कच्या मालकांनी आपल्या बाजारपेठेवर पाणी सोडलं आणि ग्रीन बेला न्यूयॉर्कइतकाच हिस्सा मिळू लागला. हे झालं नसतं तर लोम्बार्डीची पाच विजेतेपदं होऊनही संघ सत्तरच्या दशकात विकावा लागला असता, असं मला वाटतं. कारण लोम्बार्डी गेल्यावरचा काळ फारच रखरखीत होता. १९६८ ते १९९१ या चोवीस हंगामांत फक्त दोनदा बाद फेरी. टीव्हीचा हिस्सा मात्र दर वर्षी येत राहिला.

१९९२ पासून चित्र पालटलं. अध्यक्ष बॉब हार्लन यांनी रॉन वुल्फ यांच्या हाती खेळाडूंची निवड पूर्णपणे सोपवली. वुल्फनी अटलांटाच्या बाकावरचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड देऊन आणला, पुढच्या वर्षी बचावपटू रेजी व्हाइट आला आणि १९९६ च्या हंगामाचा सुपर बोल पॅकर्सनं जिंकला. फाव्रनंतर अ‍ॅरन रॉजर्स, २०१० च्या हंगामाचा आणखी एक सुपर बोल. दोन क्वार्टरबॅकच्या जोरावर तीस वर्षं काढली, आणि दोघांनाही शेवटी न्यूयॉर्क जेट्सकडेच पाठवलं, हा योगायोग चाहत्यांना अजून गंमत देतो. एकूण विजेतेपदं १३. एवढी लीगमध्ये कुणाकडेच नाहीत.

२०२३ पासून क्वार्टरबॅकची धुरा जॉर्डन लव्हकडे आहे. त्या हंगामात त्यानं डॅलसला त्यांच्याच घरी ४८-३२ असं बाद केलं, तेव्हा गाव पुन्हा स्वप्नं बघू लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये डॅलसकडूनच बचावपटू माइका पार्सन्स आणला. बदल्यात ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि आपला बचावपटू केनी क्लार्क दिला. चार वर्षांचा करार १८.८ कोटी डॉलरचा. डिसेंबरमध्ये पार्सन्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि हंगाम शिकागोकडून बाद फेरीत हरून संपला, तेही मध्यंतराला २१-३ अशी आघाडी असताना. हॅलसला वरून हसू आलं असेल.

भागधारक होऊन मिळतं काय? एक प्रमाणपत्र, मत, आणि जुलैतल्या वार्षिक सभेला लॅम्बो फील्डवर बसायला जागा. शेअर बाजारात विकता येत नाही, भाव वाढत नाही, तिकिटात सवलत नाही. आपल्याकडच्या सहकारी कारखान्याच्या सभासदाला निदान दिवाळीला साखर तरी मिळते. तरीही २०११ मध्ये २५० डॉलरला आणि २०२१-२२ मध्ये ३०० डॉलरला लोकांनी शेअर उचलले आणि दोन्ही वेळा साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास जमले. हिवाळ्यात सामन्याआधी गॅलऱ्यांतला बर्फ उपसायला संघ तासाच्या मजुरीवर माणसं बोलावतो, तर पहाटे फावडी मिळवायला रांग लागते. सरावाच्या दिवसांत गावची पोरं आपल्या सायकली खेळाडूंना देतात, आणि दीडशे किलोचा गडी गुडघे कानाला लावत ती चिमुकली सायकल दामटत जातो, मालक पोरगं त्याचं हेल्मेट घेऊन बाजूनं धावतं. एप्रिल २०२५ मध्ये लीगचा ड्राफ्ट इथे भरला, तेव्हा तीन दिवसांत मिळून सहा लाखांच्या वर हजेरी मोजली गेली.

२०२५ च्या जुलैत मार्क मर्फी वयाच्या नियमानं निवृत्त झाले आणि एड पॉलिसी अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढचा पेच नव्या प्रकारचा आहे. लीगनं ऐंशीच्या दशकापासून अशा लोकमालकीवर बंदी घातली आहे, जुना म्हणून फक्त पॅकर्सला सूट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लीगनं मालकांना संघाचा १० टक्क्यांपर्यंत हिस्सा खाजगी गुंतवणूक निधींना विकायची परवानगी दिली. इतर संघ त्यातून कोट्यवधी डॉलर उभे करू शकतात. पॅकर्सकडे विकायला हिस्साच नाही. पॅकर्सचे मार्ग तीनच. ५० कोटी डॉलरच्या वर गेलेला राखीव निधी, मैदानाच्या आसपास उभारलेलं टायटलटाउन नावाचं दुकानं-हॉटेलांचं संकुल, आणि फक्त स्टेडियमच्या कामासाठी करता येणारी शेअरविक्री. खेळाडूंच्या करारांवर सही करताना मोठी रोकड लगेच मोजावी लागते, आणि अब्जाधीश मालकाला ती स्वतःच्या खिशातून देता येते. पॉलिसींना ती त्या राखीव निधीच्या हिशेबातच बसवावी लागते, आणि तो हिशेब दर जुलैत सगळ्या लीगपुढे येतो.