कॅनडा व्हिसा: ठसे द्यायला जाण्याआधी पत्रावरची तारीख बघा

कॅनडातल्या लेकीकडे किंवा मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांचा अर्ज ठशांपाशी अडला की सगळे बोटांना दोष देतात. प्रत्यक्षात घोळ बहुतेक वेळा आधीच झालेला असतो, कधी ठशांसाठी बोलावणाऱ्या पत्रात, कधी तारखेत, कधी नावात.

31 डिसेंबर 2018 पासून भारतीयांना व्हिजिटर व्हिसा, सुपर व्हिसा (मुलांकडे जास्त काळ राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठीचा), स्टडी किंवा वर्क परमिटसाठी दहाही बोटांचे ठसे आणि फोटो द्यावे लागतात. 14 वर्षांखालची मुलं आणि 79 च्या वरचे ज्येष्ठ यांना सूट आहे. 'आधारला दिलेत की,' किंवा 'अमेरिकेच्या व्हिसाला दिले होते,' याचा इथे उपयोग नाही.

फी माणशी 85 कॅनेडियन डॉलर. नवरा-बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं यांचे अर्ज एकत्र भरले तर सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त 170. म्हणजे दोघंच जाणार असतील तर सवलत काही नाही. ही फी व्हिसाच्या 100 डॉलरसोबत अर्ज भरतानाच ऑनलाइन भरायची. 'ठशांचे पैसे व्हिसा केंद्रावर (जिथे ठसे घेतात तिथे) देऊ' म्हणून मागे ठेवली, तर ठशांचं पत्रच निघत नाही आणि अर्ज रखडतो.

खरी मेख या पत्रातच आहे. बायोमेट्रिक इन्स्ट्रक्शन लेटर, म्हणजे ठसे द्यायला या असं सांगणारं पत्र, अर्ज भरलेल्या ऑनलाइन खात्यात येतं; ईमेलवर येते ती फक्त 'नवीन संदेश आहे' एवढी सूचना. खातं बहुधा मुलाने टोरांटोत बसून उघडलेलं, ईमेलही त्याचाच. तो कामाच्या गडबडीत, आणि इकडे आई-बाबा पोस्टमनची वाट बघत बसतात. अर्ज भरल्यावर पहिले काही दिवस ते खातं रोज उघडून बघायला मुलाला बजावून ठेवा. ते पत्र नसेल तर केंद्रात ठसे घेत नाहीत. सगळी पानं छापून न्या, त्यावरचा बारकोड स्पष्ट उमटायला हवा.

आता मुदत. ठसे द्यायला मिळणारे 30 दिवस मोजायचे ते पत्रावरच्या तारखेपासून, ते वाचल्याच्या दिवसापासून नव्हे. आणि त्या 30 दिवसांत ठसे प्रत्यक्ष द्यायचे असतात, नुसती अपॉइंटमेंट घेऊन भागत नाही. सुट्ट्यांच्या तोंडावर तारखा भराभर संपतात, म्हणून पत्र हातात पडताच वेळ घ्या. जवळची तारीख मिळत नसेल तर मुदत संपण्याआधीच आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या) वेबफॉर्मवरून, म्हणजे संकेतस्थळावरच्या ऑनलाइन फॉर्मवरून, कळवा आणि वाढ मागा. मुदत उलटल्यावर अर्ज फेटाळला गेला तर प्रक्रियेची फी परत मिळत नाही.

केंद्र आपल्याच भागातलं हवं असा नियम नाही. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला सोय आहे, पण नांदेडकरांना हैदराबाद जवळ पडतं. वेळ घ्यायला पैसे लागत नाहीत. एजंट मागत असेल तर ती त्याची कमाई.

नावाचा गोंधळ आपल्याकडे जास्त. पासपोर्टवर 'सुनीता रमेश' हे नाव आणि 'पाटील' हे आडनाव असेल, तर अर्जातही तसंच, अक्षर न बदलता हवं. मुलं घाईत नुसतं 'सुनीता पाटील' लिहितात, किंवा आधारवरून उतरवतात. पत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी ताडून बघा. चूक असेल तर केंद्रावर हुज्जत न घालता जाण्याआधी वेबफॉर्मवरून दुरुस्ती मागा. ओळख म्हणून मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स किंवा आधार चालत नाही.

बोटांचं म्हणाल तर शेतीत, धुण्याभांड्यात झिजलेले ठसे उमटायला वेळ लागतो. आठवडाभर रात्री हातांना तेल किंवा क्रीम लावा, त्या दिवशी मात्र हात स्वच्छ धुऊन कोरडे करून जा. कापलं किंवा भाजलं असेल तर मुदतीत बसत असेल तेवढं थांबून जखम भरू द्या. घरात लग्न असेल तर मेंदी नंतर. फोटो तिथेच काढतात. डोक्यावर पदर असला तरी चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.

दिलेले ठसे 10 वर्षं चालतात, त्या काळात पुन्हा ठशांची फी भरू नका. आधी दिलेले अजून वैध आहेत का, ते आयआरसीसीच्या संकेतस्थळावर तपासता येतं. पण व्हिसा ठशांच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. 2019 मध्ये ठसे दिलेल्यांना आज व्हिसा मिळाला तर तो फार तर 2029 पर्यंतचा असेल. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर आणखी कमी. तेव्हा दहा वर्षांचा शिक्का मिळाला नाही म्हणून कुणाला जबाबदार धरू नका.

ठसे झाले की पावती मागून घ्या, आणि पासपोर्ट सोबत घरी आणा. तो जमा करायचा ते पासपोर्ट मागणारं वेगळं पत्र खात्यात आल्यावरच.