थांबून पुन्हा पळण्याची तयारी

रात्रभर चालणाऱ्या रिले शर्यतीत उतरायचं ठरलं की बहुतेक जण आधी किलोमीटर मोजतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली ‘हूड टू कोस्ट’ ही १९८२ साली सुरू झालेली शर्यत घ्या. हूड पर्वतापासून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर, संघात १२ धावपटू, एकूण ३६ टप्पे. प्रत्येकाच्या वाट्याला तीन टप्पे, मिळून साधारण २५ ते २७ किलोमीटर. अर्धमॅरेथॉन पळणाऱ्याला हा आकडा मोठा वाटत नाही. पण हे अंतर सलग नसतं. एक टप्पा पळायचा, मग काही तास गाडीत बसायचं, आणि अंग पुरतं थंडावलं की पुन्हा उठून पळायचं. जड जातात ते हे मधले तास, आणि सरावात नेमका त्यांचाच विचार राहून जातो.

उतारावर पळताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. त्यातून त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिचं दुखणं लगेच जाणवत नाही. साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. म्हणजे पहिल्या टप्प्यात उत्साहाने घेतलेल्या उताराची वसुली तिसऱ्या टप्प्यात होते! यावर फार चांगला उपाय आहे, आणि तो स्नायूंच्याच स्वभावात आहे. असा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाने तितका दुखावत नाही. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उतारावरचा एक सराव जरूर करावा. सकाळी पळून संध्याकाळी, जमल्यास दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पळण्याचा सरावही एक-दोनदा व्हायला हवा. थंड स्नायूची ताकद कमी भरते. टप्पा संपताच ओले कपडे बदलणं आणि पुढच्या टप्प्याआधी दहा मिनिटं अंग तापवणं यात कंटाळा करू नये.

आता रात्र. आपल्या शरीराचं आतलं तापमान दिवसभरात जवळपास एक अंशाने वरखाली होतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जातं. सतर्कताही त्याच वेळी तळाला असते. एका रात्रीच्या जागरणाने हृदयाची किंवा स्नायूंची क्षमता फारशी घटत नाही, पण तोच वेग जास्त कष्टाचा वाटू लागतो. हे आधीच माहीत असलं की पहाटेच्या टप्प्यात धीर खचत नाही. पाय शाबूत असतात, मेंदू तक्रार करत असतो.

झोप आगाऊ साठवता येते का? काही प्रमाणात येते. २००९ साली अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काही जणांना आठवडाभर रोज दहा तास अंथरुणात राहायला दिलं. नंतर झोप तीन तासांवर आणली, तेव्हा नेहमीइतकंच झोपून आलेल्यांपेक्षा या लोकांची सतर्कता कमी ढासळली. शर्यतीच्या आठवड्यात पळणं कमी करून ते तास झोपेला द्यावेत, असं मला ठामपणे वाटतं. शर्यतीदरम्यान वीसेक मिनिटांची डुलकी उत्तम. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि अर्धा तास डोकं जड राहतं. कॉफीचा परिणाम पुरता जाणवायला पाऊण तास लागतो, आणि पाच तासांनंतरही तिच्यातलं निम्मं कॅफीन रक्तात असतं. पुढची डुलकी कधी घ्यायची ते ठरवूनच ती प्यावी.

खाण्याचं गणित सोपं आहे. पळून झाल्यावर पहिल्या काही तासांत स्नायू साखर सर्वांत वेगाने साठवतात, त्यामुळे पिष्टमय पदार्थ तेव्हाच खावेत. रात्री जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून थोडं थोडं आणि सरावात पचलेलंच खावं.

दिव्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कपाळावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांच्या रेषेतून पडतो, त्यामुळे खड्ड्यांच्या सावल्या दिसत नाहीत आणि रस्ता सपाट भासतो. कमरेला लावलेला दिवा सावल्या दाखवतो.

सर्वांत गंभीर धोका मात्र पळणाऱ्यापेक्षा गाडी चालवणाऱ्याला आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसांच्या हालचालींतली अचूकता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते तितकी घसरलेली आढळली. कित्येक देशांत तेवढ्या मद्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. सकाळी सहाला उठलेला धावपटू रात्री अकरालाच त्या अवस्थेला पोचतो, आणि शर्यत तर तेव्हा निम्मीही झालेली नसते. संघ ठरवताना न पळणारे, पाळीपाळीने झोपणारे दोन चालक आधी ठरवा, धावपटूंची नावं त्यानंतर लिहा.