मेमरी चिप शेअरांमधील सट्टा

डीरॅम (संगणकाची चालू कामाची मेमरी, म्हणजे रॅम) आणि नँड (माहिती कायम साठवणारी मेमरी) या चिपांचे दर वर जाणार की खाली, याचा अंदाज बांधून त्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत केलेली खरेदी-विक्री. सॅमसंग, एसके हायनिक्स (दोन्ही दक्षिण कोरिया) आणि मायक्रॉन (अमेरिका) या तीन कंपन्या जगातले बहुतांश डीरॅम बनवतात. भारतीय बाजारात या तोलाची एकही मेमरी कंपनी नोंदलेली नाही. म्हणून ठाणे-नवी मुंबईचा गुंतवणूकदार एकतर डॉलर बाहेर पाठवतो, नाहीतर नावात ‘सेमीकंडक्टर’ असलेला इथलाच एखादा छोटा शेअर धरतो. दुसरी वाट जास्त निसरडी. अशा शेअरांचे बाजारात फिरणारे भांडवल थोडे असते. रोज अप्पर सर्किट (दिवसातल्या वाढीची कमाल मर्यादा) लागते तोवर सगळे खूश. पण लोअर सर्किट (घसरणीची मर्यादा) सुरू झाले की विकणाऱ्यांची रांग लागते, घेणारा सापडत नाही आणि स्टॉपलॉस (भाव ठरवलेल्या पातळीखाली गेला की विकायची आगाऊ सूचना) नुसता कागदावर राहतो. आधी वार्षिक अहवाल उघडून उत्पन्न नेमके कशातून येते ते पाहावे.

मेमरी हा प्रमाणित माल आहे. एकाची चिप दुसऱ्याच्या जागी चालते, त्यामुळे दर पुरवठ्यावर ठरतो. नवा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षे जातात. तेजीत सगळेच विस्तार करतात आणि माल एकदमच बाजारात येतो. खर्च बहुतांशी स्थिर असल्याने मंदीतही यंत्रे बंद ठेवणे परवडत नाही. नवखा हमखास फसतो तो इथे, कारण या धंद्यात पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) कमी दिसला म्हणजे शेअर स्वस्त असे होत नाही. 2018 च्या मध्यावर मायक्रॉनचा पीई पाच-सहाच्या आसपास होता आणि त्या आर्थिक वर्षात नफा 14 अब्ज डॉलरांवर गेला. तरी डिसेंबरपर्यंत शेअर जवळपास निम्म्यावर आला. उलट 2023 च्या आर्थिक वर्षात कंपनीला 5.8 अब्ज डॉलरांचा तोटा झाला आणि त्याच कॅलेंडर वर्षात शेअर चांगलाच चढला. नफ्यापेक्षा साठ्याचे दिवस, म्हणजे गोदामातला माल किती दिवस पुरेल, ते पाहावेत: मायक्रॉन साधारण 120 दिवस योग्य मानते, 2023 च्या सुरुवातीला ते 150 च्या वर होते.

ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती वाढताना ट्रान्स हार्बर लोकलच्या प्रवाशांना रोज दिसतात आणि त्यावरून मागणीचे अंदाज निघतात. हा पुरावा कच्चा आहे. इमारत उभी राहणे आणि त्यात सर्व्हर भरणे यांत बराच काळ जातो, आणि मोठे ग्राहक मेमरीचे करार परदेशात, आगाऊ करतात. दुकानातल्या रॅमचा भावही या करारांतल्या दराच्या मागून चालतो. जास्त कामाची खूण म्हणजे एचबीएम, एआयच्या चिपांसोबत लागणारी वेगवान डीरॅम. तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर5 (साध्या रॅमचा एक प्रकार) च्या सुमारे तिप्पट वेफर (चिपा ज्यावर बनतात ती सिलिकॉनची चकती) ती खाते, त्यामुळे एआयची मागणी वाढली की साध्या रॅमचाही तुटवडा होतो.

नव्या तंत्रज्ञानावरचा सट्टा वेगळाच. इंटेल आणि मायक्रॉन यांनी जुलै 2015 मध्ये थ्रीडी एक्सपॉइंट हे नवे मेमरी तंत्रज्ञान मोठा गाजावाजा करून जाहीर केले. मायक्रॉनने 2021 मध्ये त्यातून अंग काढले, इंटेलने 2022 मध्ये. चिप चालत होती. डीरॅमपेक्षा संथ, नँडपेक्षा महाग, एवढेच तिचे दुखणे.

व्यवहाराचे गणित: अमेरिकी बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी 7 ला, हिवाळ्यात 8 ला उघडतो. मायक्रॉनचे निकाल बाजार बंद झाल्यावर, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर लागतात. दुसऱ्या दिवशी भाव उडी मारून उघडला तर साधा स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला नव्हे, त्या उघडलेल्या भावाला लागतो. उदारीकृत प्रेषण योजनेत (परदेशात पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना, एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, मात्र मार्जिनवरच्या, म्हणजे उसन्या पैशांवरच्या सौद्यासाठी नाही. आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. 24 महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर, त्याआधी विकल्यास स्लॅबप्रमाणे. परदेशी शेअर असणाऱ्याला आयटीआर-1 हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म चालत नाही, आणि शेड्यूल एफएमधली (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता) माहिती मार्चअखेरची नव्हे, कॅलेंडर वर्षाची भरायची असते.