डिरॅक की वाइल: टाका कुठे सहज बसतो?

डिरॅक सेमीमेटल आणि वाइल सेमीमेटल हे धातू आणि अर्धवाहक यांच्या मधले पदार्थ. दोन्हींत बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे पट्टे, एका बिंदूत, म्हणजे नोडमध्ये भेटतात आणि भोवती ऊर्जा संवेगाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सोलापुरात एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्यांचीही इथे हमखास गल्लत होते. खरा फरक कळतो तो इलेक्ट्रॉनांमधली आंतरक्रिया हिशेबात घेतल्यावर.

आपल्या सोलापुरी चादरीचे दोन पदर डोळ्यांसमोर आणा. डिरॅक नोड म्हणजे विरुद्ध कायरॅलिटीचे (डावा-उजवा असा फरक असलेले) दोन वाइल नोड, एकावर एक. सुई, म्हणजे आंतरक्रिया किंवा दुसरी ढवळाढवळ, आरपार गेली की पदर शिवले जातात, म्हणजे नोड मिटून बँडमध्ये ऊर्जेची फट, गॅप पडते. हा टाका अडवून धरते ती स्फटिकाची सममिती: सोडियम बिस्मथाइडमध्ये 120 अंशांच्या फिरकीची, कॅडमियम आर्सेनाइडमध्ये 90 अंशांच्या. टँटलम आर्सेनाइडसारख्या वाइल पदार्थात (2015) हेच दोन नोड संवेगात एकमेकांपासून दूर असतात. एकट्या नोडच्या समीकरणात तिन्ही पाउली मॅट्रिक्स (दोन अवस्थांचं गणित मांडणाऱ्या 2×2 सारण्या) आधीच गुंतलेल्या असतात, म्हणून छोट्या ढवळाढवळीने नोड फक्त सरकतो, मिटत नाही. गॅपसाठी दूरच्या जोडीदारापर्यंत दोरा न्यावा लागतो, म्हणजे स्फटिकाची आवर्तिता मोडणारी विद्युतभाराची लाट किंवा अतिवाहक जोड्या लागतात.

आंतरक्रिया किती जोरदार हवी? त्रिमितीत नोडजवळ अवस्थांची घनता, म्हणजे इलेक्ट्रॉनांना उपलब्ध जागांची संख्या, ऊर्जेच्या वर्गाप्रमाणे घटत शून्यावर येते. म्हणून आखूड पल्ल्याची कमकुवत आंतरक्रिया दोन्हींत निष्प्रभ ठरते. एक उंबरठा ओलांडला तरच गॅप. लांब पल्ल्याचं कूलोम बल नोडजवळचा वेग लॉगरिदमच्या संथ गतीने वाढवतं आणि त्यातच स्वतः मंदावतं. या बलाची ताकद अशी मोजा: 2.2 ला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने (पदार्थ विद्युतबल किती पट कमी करतो तो आकडा) आणि नोडजवळच्या इलेक्ट्रॉनांच्या, दशलक्ष मीटर प्रति सेकंदात मोजलेल्या वेगाने भागा. कॅडमियम आर्सेनाइडसाठी सुमारे 36 आणि 1 धरले, तर उत्तर 0.06. इतक्या जोरावर उंबरठा ओलांडला जात नाही.

म्हणून गॅप दिसली की लगेच आंतरक्रियेला श्रेय देऊ नका. डिरॅक नमुन्यावर फिरकीच्या अक्षाला आडवा, एका बाजूने ताण आला तरी फिरकीची सममिती मोडते आणि गॅप उघडते. आधी एक्स-रे विवर्तनाने सममिती तपासा. सोडियम बिस्मथाइड हवेत लगेच खराब होतं, ते निष्क्रिय वायूच्या ग्लव्ह बॉक्समध्येच हाताळा.

उलट चूकही होते. सोलापूरच्या मे महिन्यातल्या 42 अंश सेल्सिअसला उष्णतेची ऊर्जाच 27 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. 10 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टची गॅप तिच्यात बुडून जाते आणि नोड शाबूत वाटतो. द्रव हेलियमच्या 4.2 केल्विनला तीच ऊर्जा 0.36 वर येते. मोजणी तिथे करा.