पोकलेनची चेन हलत नाही: ट्रॅव्हल मोटर गेली की सेंटर जॉइंट?

बूम जोमात उठतो, बकेट भरून येते, कॅबिन गरगर फिरते, पण उजवी चेन जागची हलत नाही. शेततळ्याच्या खड्ड्यात पोकलेन असं अडकलं की जमलेला प्रत्येक जण एकच सांगतो, "ट्रॅव्हल मोटर गेली." माझ्या मशीनची ही चेन फिरवणारी मोटर एकाच हंगामात दोनदा उतरवली. दोन्ही वेळा नवं सील टाकलं, दोन्ही वेळा ते महिन्याभरात फुटलं. मोटरचा दोष नव्हताच. तेल वाट चुकत होतं मशीनच्या पोटात, सेंटर जॉइंटमध्ये. मोटरचं काम लाखांत जातं, सेंटर जॉइंटचं सील किट हजारांत येतं. म्हणून हे दोन दोष वेगळे ओळखता आलेच पाहिजेत.

पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्ह वरच्या, फिरणाऱ्या भागात असतात, तर चेन फिरवणाऱ्या दोन मोटरी खाली. थेट होज जोडले असते तर कॅबिन दोनदा फिरताच पिळून तुटले असते. म्हणून मधोमध सेंटर जॉइंट असतो: एका दंडगोलात फिरणारा दुसरा दंडगोल, त्यावर खाचा आणि दर दोन खाचांमध्ये एक सील. दोन मोटरींच्या पुढच्या-मागच्या चालीच्या चार लाइन, मोटरमध्ये झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी एक ड्रेन लाइन आणि बहुतेक मशीनमध्ये स्पीड बदलण्याची एक बारीक लाइन, सगळं तेल याच खाचांतून ये-जा करतं. वीस टनी मशीनमध्ये चालीच्या लाइनवर साधारण 350 बारचा दाब येतो. ड्रेन लाइनमध्ये जेमतेम दोन-चार बार. आणि या दोहोंच्या मध्ये असतं फक्त एक सील.

ते सील झिजलं की दाबाचं तेल ड्रेनमध्ये घुसतं. चेनला जोर मिळत नाही. ड्रेनचा दाब उलटा मोटरच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, चढतो आणि शाफ्टचं सील फोडतो. मग हायड्रॉलिक तेल फायनल ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरला जोडलेल्या गिअरबॉक्समध्ये, उतरतं. प्लग उघडला तर घट्ट गिअर ऑइलऐवजी पातळ तेल भसकन बाहेर येतं. हे पाहून कोणीही मोटरलाच दोष देईल, कारण मोटरची झीज झाली तरी नेमकं हेच दिसतं. तेल तापल्यावर चाल मंदावणं हेही दोन्हींत सारखंच, त्यामुळे "गरम झाल्यावर ओढत नाही" एवढ्यावरून काही ठरत नाही.

निकाल लावते ती ड्रेन होजची चाचणी. संशय असलेल्या बाजूची चेन बूम-बकेटच्या जोरावर उचला, खाली भक्कम ठोकळे लावा, इंजिन बंद करून लाइनमधला दाब सोडा. मग मोटरचा ड्रेन होज काढा आणि मोटरचं तोंड व होजचं तोंड वेगवेगळ्या डब्यांत सोडा. हेल्परला लांब उभं करा. दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं, कुठेही हात लावून गळती शोधू नका. आता इंजिन मंद ठेवून ऑपरेटरने चालीचा लिव्हर थोडा वेळच ओढायचा. मोटरच्या तोंडातून दुसऱ्या बाजूच्या मोटरपेक्षा बरंच जास्त तेल आलं, तर मोटर आतून झिजली आहे. होजच्या तोंडातून, लिव्हर ओढताच, तेल उसळलं तर सेंटर जॉइंट. टाकी वर असल्याने होजमधून थोडं तेल ओघळणारच, तेवढ्याला घाबरू नका.

डब्यांनी समाधान झालं नाही तर होजची अदलाबदल करा. सेंटर जॉइंटच्या खाली, मोटरकडे जाणारे डावे-उजवे होज बदलून जोडा. दुबळेपणा दुसऱ्या चेनला गेला तर मोटर निर्दोष; दोष सेंटर जॉइंटचा किंवा त्याच्याही वरचा. मग खालचे होज पूर्ववत करून हीच अदलाबदल सेंटर जॉइंटच्या वर करा. आता दोष बाजू बदलतो तर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा पंपाकडे बघा, बदलत नसेल तर जॉइंट उतरवा. एक सांभाळा: होज बदलले की डावा लिव्हर उजवी चेन चालवतो, तेव्हा आजूबाजूला कोणीही नको.

पुढे नीट, मागे दुबळं, असं असेल तर माझा कल जॉइंटकडे जातो, कारण झिजलेली मोटर बहुधा दोन्हीकडे सारखीच दमते. पण मोटरवर जादा दाब सोडणारे दोन रिलीफ व्हॉल्व्ह असतात, आधी त्यांची अदलाबदल करून पाहा. दोष दिशा बदलतो तर व्हॉल्व्हच खराब.

या सगळ्याच्या आधी अर्थातच चेनचा ताण बघा, आणि स्प्रॉकेटमध्ये (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकात) काळी माती किंवा दगड अडकलाय का तेही.

जॉइंटमध्येच दोष निघाला तर किट टाकण्याआधी आतल्या पृष्ठभागावर नखाने ओरखडे तपासा. नख अडकलं तर नवं सीलही तसंच कापलं जाईल. फायनल ड्राइव्हचं मिसळलेलं तेल पूर्ण काढून गिअर ऑइल भरा, मोटरचं फुटलेलं सील बदला, आणि मशीन सुरू करण्याआधी मोटरचं केस ड्रेनच्या तोंडातून स्वच्छ हायड्रॉलिक तेलाने काठोकाठ भरून घ्या. कोरड्या केसने फिरलेली मोटर पहिल्याच दिवशी ओरखडते.